तेवीसशे आणि चार बोटं

काटा शंभराच्या पुढे गेला होता आणि पिपाणी वाजत होती. या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकत नाहीत, एवढं मला तेव्हाही माहीत होतं.

पिपाणी म्हणजे डाव्या पंखाच्या कडेला बसवलेली छोटी शिट्टी. वेग फार कमी होऊन पंखांना विमान पेलवेनासं व्हायची वेळ आली की ती रडल्यासारखी वाजते. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर काही क्षणांत विमान हवेतून सुटतं आणि दगडासारखं खाली जातं. काटा म्हणजे समोरच्या घड्याळांमधलं डावीकडचं पहिलं घड्याळ, वेग दाखवणारं. काट्याच्या म्हणण्याप्रमाणे मी फार वेगात होते. पिपाणीच्या म्हणण्याप्रमाणे मी आता पडणार होते. खाली केळीच्या बागा होत्या आणि बागांमधल्या पाटाचं पाणी चमकताना स्पष्ट दिसत होतं, इतकी मी खाली होते.

दोन जणांचं विमान. शेजारची सीट रिकामी, तिचा पट्टा बकल लावून ठेवलेला. याआधी मी एकटी तीनदाच उडाले होते.

उड्डाणानंतर चढताना वेग पासष्ट ठेवायचा, असं शिकवलेलं. काटा सत्तर झाला म्हणून मी नाक जरा वर घेतलं. नाक वर घेतलं की वेग कमी होतो. तो ऐंशी झाला. मी आणखी वर घेतलं. नव्वद. आणखी वर. आता समोर जमीन नव्हती, डोंगर नव्हता, फक्त इंजिनाचं झाकण आणि पांढरट आभाळ. शंभर. आणि ती पिपाणी.

मी रेडिओचं बटण दाबलं. रेडिओवर इंग्रजीच बोलायचं असा नियम होता. माझ्या तोंडून मराठी आलं.

"सर, स्पीड वाढतोय. नाक वर घेतेय तरी वाढतोय."

कॅप्टन सबनीस आमचे मुख्य प्रशिक्षक. एकटा विद्यार्थी वर असला की ते धावपट्टीच्या टोकाला जीपपाशी वॉकीटॉकी घेऊन उभे राहत. त्यांचंही उत्तर मराठीत आलं.

"मागे पिपाणी वाजतेय ती तुझीच ना?"

"हो सर, पण स्पीड शंभर—"

"नाक खाली कर."

"सर, खाली झाडं आहेत."

"नाक खाली, भंगाळे! बोलू नकोस. आधी कर."

मी दांडा पुढे ढकलला. समोरच्या काचेत सातपुड्याची निळी रेघ खालून वर चढली, केळीच्या बागा मोठ्या झाल्या, पिपाणी उचकी लागल्यासारखी दोनदा तुटली आणि बंद पडली. इंजिनाचा आवाज भरून आला. विमान पुन्हा हातात आल्यासारखं वाटलं. पण काटा शंभर दाखवत होता, आणि हळूहळू पुढेच सरकत होता.

"पिपाणी थांबली?"

"थांबली."

"आता काट्याकडे बघू नकोस. इंजिनाचं झाकण सातपुड्याच्या रेघेला टेकव आणि तसंच ठेव. चढू दे तिला हजारापर्यंत. घाई नाही."

"सर, काय झालंय?"

"तुझं स्पीडचं घड्याळ खोटं बोलतंय. नळी तुंबलीय. बाकी विमान उत्तम आहे."

डाव्या पंखाखाली बोटाएवढी नळी असते. तिच्या तोंडात वारा शिरतो, तो किती जोरात शिरतोय त्यावरून काटा हलतो. नळी बंद झाली की आत अडकलेली हवा तशीच राहते, आणि विमान वर जाईल तसा काटा उगीच चढत जातो. खाली येईल तसा उगीच उतरतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. त्या क्षणी मला त्यातलं काही आठवलं नाही. मला एवढंच समजलं, की मी किती वेगात आहे हे आता मला कळणार नाही, आणि तरीही मला खाली उतरायचं आहे.

वेग कमी पडला तर विमान पडतं. जास्त झाला तर आमच्या आखूड धावपट्टीवर ते थांबत नाही, आणि पट्टीच्या पलीकडच्या टोकाला सिमेंटचा कालवा होता. मधली जागा किती अरुंद आहे, ते मला नेमकं माहीत होतं. माझी डावी मांडी थरथरायला लागली. मी पाय पॅडलवर दाबून धरला तर पॅडलच थरथरायला लागलं.

हजार फुटांवर मी विमान सपाट केलं. तोवर काटा लाल रेघेवर पोचला होता. लाल रेघेच्या पुढे पंख टिकतील याची कोणी हमी देत नाही. मला ठाऊक होतं की हे खोटं आहे. तरी मी पंखाकडे बघितलं. तुटलेला नाही ना, ते बघितलं.

"सर, लाल रेघ ओलांडलीय."

"ओलांडू दे. रुमाल आहे?"

"आहे."

"घड्याळावर टाक. वरच्या रबराच्या पट्टीत टोक खोच. लाज वाटतेय समज त्याला."

मी रुमाल खोचला. घड्याळ झाकलं गेलं. बरं वाटण्याऐवजी भीती वाढली. खोटं का होईना, कोणीतरी काहीतरी सांगत होतं. आता तेही नव्हतं.

"सर, दुसरं विमान पाठवता येईल का? शेजारून उडून मला स्पीड सांगायला?"

"दुसऱ्याचं इंजिन तडवींच्या टेबलावर आहे. चार तुकड्यांत." रेडिओवर त्यांच्या मागून तडवीकाकांचा आवाज आला. ते आमचे मेकॅनिक, सातपुड्याच्या पायथ्याचे. "घाबरू नको व माय, मशीन बिलकुल चांगलं हाय."

"ऐकलंस?" सर म्हणाले. "आता आरपीएम वाच. इंजिन किती फिरतंय?"

"तेवीसशे."

"नाक क्षितिजाच्या रेघेच्या किती खाली?"

ही सरांची पद्धत. डॅशबोर्डवर हात आडवा, बोटं एकावर एक अशी धरायचा आणि इंजिनाच्या झाकणापासून क्षितिजापर्यंत किती बोटं मावतात ते मोजायचं. उजवा हात इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलवरून काढून मी डॅशबोर्डवर टेकवला. मी मनगट काचेला दाबून धरलं.

"चार. चार बोटं."

"नव्वद," सर म्हणाले. "तुझा स्पीड नव्वद आहे."

ते इतक्या सहज म्हणाले की मला रडू आलं.

"मी दिसतेय का तुम्हाला?"

"दिसतेस. वाकून बसलीयस. सरळ बस."

मी सरळ बसले. डावीकडे, पंखाखाली, धावपट्टीची करडी पट्टी दिसत होती, तिच्या टोकाला जीप, आणि जीपपाशी एक पांढरा ठिपका. सरांचा शर्ट. त्यांच्या गळ्यात नेहमी दुर्बीण असे. मी त्या ठिपक्याला डोळ्यांनी धरून ठेवलं.

"लुना आठवते?" सरांनी विचारलं.

आमच्या फ्लाइंग क्लबची एक लुना होती, जुनी मोपेड. तिचा स्पीडोमीटर कधीच चालला नाही. शिकायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सरांनी मला तिच्यावर बसवून धावपट्टीवर पाठवलं होतं, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून. सुरुवातीला वेग वाढत गेला आणि मग वाढायचा थांबला. परत आल्यावर त्यांनी माझ्या छातीला टीव्हीचं रिकामं खोकं बांधलं आणि म्हणाले, आता जा. सगळा क्लब हसत होता. तेवढंच पेट्रोल, तेवढंच इंजिन, आणि लुना सायकलीसारखी चालली.

"आठवते, सर."

"का थांबला होता स्पीड?"

"सर, आत्ता?"

"आत्ताच. सांग."

"इंजिन पुढे ओढतं. हवा मागे अडवते. वेग वाढेल तसं हवेचं अडवणं वाढतं. दोन्ही सारखी झाली की वेग वाढत नाही. तिथेच राहतो."

"आणि काटा?"

"काटा नुसता दाखवतो."

"मग नसला तर?"

मला राग आला होता. मी वर एकटी होते आणि हा माणूस खाली उभा राहून तोंडी परीक्षा घेत होता. पण मांडी थरथरायची थांबली होती, हे मला नंतर लक्षात आलं.

"आता वळ डावीकडे. पट्टीला समांतर. आरपीएम?"

"तेवीसशे."

"बोटं?"

"चार."

"नव्वद. छान."

पट्टीच्या मधोमध आले तेव्हा खाली वीटभट्ट्यांचा धूर पसरलेला दिसला. ऑक्टोबरात सकाळी तो वर उठत नाही, शेतांवर पातळ सायीसारखा बसून राहतो. वरून त्यातून सगळं दिसत होतं. पट्टी, जीप, सर.

"आता एकवीसशे कर. नाक उचल थोडं, उंची जाऊ देऊ नकोस. बोटं सांग."

"तीन. साडेतीन."

"तीन की साडेतीन?"

"सर, तुम्हाला दिसतंय ना? मग विचारता कशाला सारखं?"



"शिकायला आलीयस. विचारलं की सांगायचं," सर म्हणाले. "वाचून सांग. मोजून सांग. अंदाजानं नको."

मी पुन्हा हात टेकवला. "तीन."

"ऐंशी. पट्टीचं टोक मागे गेलं की सांग."

ते मागे गेलं. आता उतरायचं होतं. आतापर्यंत मी त्या सपाट उंचीवर कितीही वेळ फिरू शकले असते, निदान पेट्रोल संपेपर्यंत. खाली उतरायला लागलं की परत फिरायची जागा कमी कमी होत जाते. मी म्हणाले, "सर, अजून एक फेरी मारू?"

"पुढच्या फेरीत काय वेगळं होणार आहे?"

"माहीत नाही."

"मग याच फेरीत ये. पंधराशे कर."

मी थ्रॉटल मागे ओढला. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि त्याबरोबर माझ्यातलं काहीतरी बसलं. त्या आवाजावरच मी इतका वेळ टेकून होते.

"पंधराशे."

"फ्लॅप वीस."

पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा घरघरत खाली आल्या. विमानाला कोणी मागून धरल्यासारखं झालं. पट्टा खांद्यात रुतला.

"हे खोकं छातीला बांधलं बघ," सर म्हणाले. "ओढणारा कमी केला, अडवणारा वाढवला. स्पीड खाली येणारच. किती बोटं?"

"पाच."

"पाच ठेव. सहा नको, चार नको. पासष्ट."

शेवटचं वळण घेतलं. पट्टी समोर आली, लांब, बारीक, दुसऱ्या टोकाला धुरात हरवलेली. कालवा तिथेच कुठेतरी होता. "आरपीएम?" पंधराशे. "बोटं?" पाच. "पासष्ट." आम्ही तेच बोलत राहिलो. मी आकडे सांगायची, ते वेग सांगायचे. त्यांच्या आवाजात जराही चढउतार नव्हता. रेल्वेस्टेशनवर गाड्यांची घोषणा करतात तसं. मला वाटत होतं, त्यांनी दुर्बिणीतून मला नेमकं पकडलंय आणि ते सोडणार नाहीत.

केळीच्या बागा संपल्या, कुंपण जवळ यायला लागलं, आणि एका हलक्या धक्क्यानं रुमाल सुटून माझ्या मांडीवर पडला.

काटा चाळीसवर होता.

चाळीसला ते विमान उडत नाही. मी बघत असतानाच तो एकोणचाळीस झाला, अडतीस झाला. मला माहीत होतं की तो खोटं बोलतोय, मी खाली येतेय म्हणूनच तो उतरतोय. हे माहीत असणारी मी आणि तो काटा बघणारी मी, या दोन वेगळ्या बायका होत्या, आणि दुसरीच्या हातात दांडा होता. तिला नाक खाली दाबायचं होतं. वेग हवा, वेग हवा, एवढंच तिला कळत होतं. माझे हात पुढे सरकले. झाकण रेघेच्या आणखी खाली जायला लागलं. कुंपणाच्या तारा एकदम मोठ्या झाल्या.

मी बटण दाबलं. "सर, अडतीस दाखवतोय. पडतेय मी. सर, पडतेय."

"आरपीएम?"

"सर—"

"आरपीएम वाच, भंगाळे."

"पंधराशे."

"बोटं?"

मी थ्रॉटलवरचा हात डॅशबोर्डवर ठेवला. "सहा. सात."

"पाच कर."

दांडा मागे घेणं मला जमेना. हात ऐकत नव्हता. नाक वर घेतलं की पिपाणी वाजणार आणि मी कुंपणावर पडणार, याची मला पूर्ण खात्री होती. पिपाणीचा आवाज मला आधीच ऐकू यायला लागला होता.

"पाच कर," सर पुन्हा म्हणाले, तितक्याच थंडपणे. "केलंस की सांग."

मी पाच बोटं डॅशबोर्डवर एकावर एक आडवी धरली आणि काट्याकडे न बघता, कुंपणाकडे न बघता, फक्त बोटांच्या वरच्या कडेकडे बघत दांडा मागे घेतला. ती कड रेघेला टेकेपर्यंत.

"पाच."

"पासष्ट," सर म्हणाले. "कुंपण गेलं की थ्रॉटल बंद. पुढचं तुला येतं."

कुंपण गेलं. मी थ्रॉटल बंद केला, नाक हळूहळू उचललं. चाकं एकदा टेकली, उडाली, परत टेकली. विमान धावत राहिलं. मी ब्रेक दाबले ते दोन्ही पायांवर उभी राहून. कालव्याच्या अलीकडे पट्टीचा बराच भाग शिल्लक असताना ते थांबलं.

मी इंजिन बंद केलं. पंखा दोन वेळा लटपटला आणि उभा राहिला. मला पट्टा सोडता येईना. बोटांना बकलच सापडत नव्हतं.

जीप आली. तडवीकाकांनी दार उघडून मला दंडाला धरून उतरवलं. सर माझ्याकडे न येता सरळ डाव्या पंखाखाली गेले. वाकले. नळीच्या तोंडावर बोट फिरवलं आणि ते बोट डोळ्यांसमोर धरलं. पिवळं होतं.

दोन दिवसांपूर्वी खंडेनवमीला आम्ही हँगरमध्ये विमानांची पूजा केली होती. पाने, पक्कड, जॅक, सगळं ओळीनं मांडून. विमानाला हळदीकुंकू लावायचा मान सरांचा. पंख्याला, चाकांना, शेपटीला, पंखांच्या टोकांना, जिथे काही पुढे आलेलं दिसेल तिथे ओल्या हळदीचं बोट. नळीलाही लावलं होतं. पूजेला झाकलेलं चालत नाही म्हणून तिची टोपी काढून. त्या सकाळी उडण्याआधी मी वाकून बघितली तेव्हा तोंड उघडं होतं, कडेला हळद सुकलेली. पट्टीवर धावताना काटाही नीट हलला होता. वर गेल्यावर सुकलेली पपडी सुटून आत बसली. खालचं पाणी निघायचं बारीक भोक आधीच बुजलेलं होतं.

"माझंच बोट," सर म्हणाले. त्यांनी ते पँटला पुसलं.

तडवीकाका म्हणाले, "साहेब, मी बी हुतो तिथं."

"तुम्ही कुंकू लावलंत. हळद माझी."

मी पंखाला टेकून उभी होते. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण त्यांच्या आवाजाशिवाय दुसरं काही मला आठवत नव्हतं. मी म्हणाले, "तुम्ही दुर्बिणीतून बघत होतात म्हणून आले, सर. नाहीतर आले नसते."

तडवीकाकांनी मान फिरवली.

"मला तू दिसत नव्हतीस," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. मग आभाळाकडे बघितलं. पट्टीवर उभं राहून पूर्वेकडे बघितलं तर धुरात ऊन भरलं होतं आणि सगळं दुधासारखं पांढरं होतं. सूर्य कुठे आहे तेही नीट कळत नव्हतं.

"तू कुंपणापाशी येईपर्यंत नाही. इंजिनाचा आवाज येत होता तेवढाच."

"पण नव्वद, ऐंशी, पासष्ट—"

"तू सांगितलेलंच मी परत सांगत होतो. इंजिन इतकं ओढतंय आणि नाक इतकं आहे, म्हणजे हवा इतकी अडवणार. तेवीसशे आणि चार बोटं म्हणजे नव्वदच. दुसरं काही होऊच शकत नाही." ते थांबले. "नीट मोजलं असेल तर."

"आणि नसतं मोजलं तर?"

ते माझ्याजवळ आले आणि पहिल्यांदाच आवाज खाली करून बोलले. रेडिओवरचा तो आवाज आता नव्हता.

"शेवटच्या वळणानंतर पिपाणी वाजली का कुठे?"

"नाही."

"बटण दाबलेलं नसलं की मला ऐकू येत नाही. नीट आठव. थोडीशीसुद्धा? रुमाल पडला त्यानंतर, मी पाच कर म्हणालो तेव्हा?"

"नाही, सर. एकदाही नाही."

त्यांनी मान हलवली. दुर्बीण गळ्यातून काढायचा प्रयत्न केला, तिचा पट्टा कॉलरमध्ये अडकला, तो त्यांना सोडवता येईना. मग ते तिथेच, चाकाशेजारी, डांबरावर खाली बसले आणि दोन्ही तळवे जमिनीवर दाबून धरले.

तडवीकाकांनी जीपमधून पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली. मी टोपण उघडलं आणि ती सरांपुढे धरली.